राखेचा की मातीचा

आम्ही नवरा-बायको लोकांच्या भिंती रंगवतो. हे रंग लावतात, मी भिंत घासते. घासताना धूळ बसते अंगावर, ती आंघोळीनं जाते. किस्से जात नाहीत. धुळ्याच्या एकाच घरातले सांगते.

हॉलसाठी दोन रंग काढले होते, दोन्ही मळकेच. एक राखेसारखा, एक वाळलेल्या मातीसारखा. रविवारी जळगावची मंडळी घरच्या मुलीला, मनीषाला, बघायला येणार. आधीचं स्थळ 'सावळी आहे' म्हणून परत गेलेलं. आता भिंत अशी हवी, की मनीषा तिच्यापुढे उजळ दिसेल! म्हणजे लग्न जमवायचं आमच्या ब्रशनं.

*

ह्यांनी दोन्ही रंगांचे पट्टे मारले. मनीषाचे आजोबा खाटेवरून बघत होते. म्हणाले, "दोन उन्हाळा जाऊ द्या. धूळ बठ्ठं एकच करी टाकी."

धूळ सगळे रंग सारखेच करते, हे खरं बोलणारा घरात एकटा म्हातारा. त्याला चहासुद्धा सगळ्यांत शेवटी.

*

मनीषाच्या भुसावळच्या मावशीला पट्ट्यांचा फोटो पाठवला. ती म्हणाली राखेचा. तिची सून म्हणाली मातीचा. भिंत इथं धुळ्यात, भांडण तिथं भुसावळात. संध्याकाळी सून माहेरी!

*

मनीषाचे वडील नाना. ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, दोन्ही मिसळून तर बघा. ह्यांनी मिसळले. नाना बघून म्हणाले,

"भरिताची वांगी भाजून भाजून आमच्या स्वयंपाकघराला हाच रंग आलाय. फुकटात."

*

शेवटी मनीषाच्या आईनं, अक्कांनी, पोरीला साडी नेसवून पट्ट्यांपुढे उभं केलं. पोरगी बँकेत नोकरीला, रजा टाकून उभी. इकडे सरक, तिकडे सरक. खिडकी लाव, खिडकी उघड. मग अक्का मला विचारतात, कशापुढे उजळ दिसते गं?

मी म्हटलं, "अक्का, मी भिंती घासते. पोरगी घासायची असेल तर दुसरं कोणी बघा."

अक्का पदर तोंडाला लावून म्हणाल्या, एकदा जमू दे, मग कोणी काही बोलणार नाही तिला. मलाही लेक आहे, आणि तीही माझ्याच रंगाची.

राखेचा ठरला. ह्यांनी डब्यात ब्रश बुडवला. मनीषा अजून तिथंच उभी होती.

"काका, जळगावला त्यांच्या घरच्या भिंती कोणत्या रंगाच्या आहेत, विचारलं का कोणी?"