दट्ट्यांची पेटी

१९४४ सालच्या जुलैतला गुरुवार. रक्कम निजामी चलनातले, हाली सिक्क्याचे नऊ रुपये. हजर मोठी माणसं तिघं: मी बालवर्गाचा मास्तर, शाळा कमिटीचे शिवलिंगअप्पा आणि येरमाळ्याचा नागनाथ सुतार. मध्ये त्यानं बनवलेली पेटी.

शनिवारी तालीम, म्हणजे शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टर येणार होते. मागच्या खेपेला त्यांनी रिपोर्टात लिहिलं होतं, ‘मुलं नुसती खेळतात, शिक्षण दिसत नाही.’ निजामाच्या राज्यात खासगी शाळेला परवानगी लागे. ती गेली की एकोणीस मुलं घरी.

दट्ट्यांची पेटी म्हणजे दहा भोकं पाडलेला लाकडी ठोकळा आणि दहा दट्टे. उंची सारखी, जाडी चढत्या क्रमानं. प्रत्येक दट्ट्या आपल्याच भोकात नीट बसतो. बारीक दट्ट्या मोठ्या भोकात टाकला, तर शेवटी एक जाड दट्ट्या हातात उरतो. मास्तरनं ‘चुकलं’ म्हणावं लागत नाही.

चार वर्षांच्या गोदाला मी ती पेटी दिली. तिनं अर्ध्या मिनिटात दहाही दट्टे टाकले आणि उठून गेली. मी बघितलं. कुठलाही दट्ट्या कुठल्याही भोकात जात होता.

“मेस्त्री, भोकं सगळी एकाच मापाची?”

“व्हय. आधी तुमच्या नकाशापरमानंच केली व्हती. नातीला दिली तर लेकरू अडकलं अन् लई रडलं. म्हून म्या सगळी मोकळी केली. त्याचं वाढीव मागत न्हाय.”

शिवलिंगअप्पा हसले. “बरोबरच की! लेकरं रडवायला नऊ रुपये द्यायचे का, मास्तर?”

मी नागनाथला विचारलं, “गाडीच्या चाकात सैल आरा चालंल का तुम्हाला?”

तो नकाशा उचलून निघाला.

शुक्रवारी, निजामी रिवाजाप्रमाणे, शाळेला सुट्टी. शनिवारी इन्स्पेक्टर खुर्चीत बसले तरी नागनाथचा पत्ता नव्हता. साहेबांनी पेन उघडलं, तेवढ्यात तो दारात आला. आपल्या घराच्या दाराच्या जुन्या चौकटीचं मुरलेलं सागवान कापून त्यानं नवी पेटी केली होती. तपासायला वेळच नव्हता. मी ती तशीच गोदापुढं ठेवली.

नऊ दट्टे गेले. दहावा हातात राहिला. गोदानं तो दाबला, आपटला. ओठ थरथरले.

“ये तो बस खेल है,” इन्स्पेक्टर म्हणाले.

अप्पा मदतीला वाकले. मी त्यांचं मनगट धरलं.

गोदानं चार दट्टे बाहेर काढले. एक-एक भोकाशी धरून बघितला. सहा मिनिटांनी दहावा बसला. मग तिनं पेटी उपडी केली आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतली.

“किसने सिखाया?”

“कुणीच नाही, साहेब. पेटीनं.” मी सैल पेटी त्यांच्या हातात दिली. “ही काहीच शिकवत नाही.”

साहेबांनी दोन-तीन दट्टे टाकून पाहिले, ठोकळा बाजूला ठेवला आणि लिहिलं, ‘एक वर्ष परवानगी.’

मुलाला अडवत नाही ते खेळणं त्याला शिकवत नाही, एवढं मी त्या दिवशी वहीत टिपून ठेवलं.

कमिटीनं नागनाथला नऊ रुपये दिले, दुसऱ्या पेटीचे. पहिलीचे त्यानं घेतले नाहीत. तो ठोकळा मात्र मागून नेला. त्याच्या भोकांत आता तो लाकूड कोरायच्या पटाशा ठेवतो.