मांडवातलं तिसरं जनावर

अकोल्याहून कृषीची पदवी घेऊन मी गावी परतलो तेव्हा आमच्या घरात माझ्याखेरीज सातवीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मला शिकू द्यावं म्हणून सगळ्यांनी माझ्या वाटणीचं काम आपल्या अंगावर घेतलं होतं. त्याची परतफेड शेतातच करायची असं मी ठरवून आलो होतो. बाबांनी विहिरीजवळचं पाच गुंठे रान मला दिलं, मुदत पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत. जमलं तर रान माझं. नाही जमलं तर बडनेऱ्याला मामाच्या फवारणीच्या औषधांच्या दुकानात बसायचं.

त्या वर्षांत कापसाने सगळ्यांना इतकं दमवलं होतं की गावात जो तो काहीतरी नवीन करून पाहत होता. एकाने शहामृगासारखे एमू पक्षी पाळले होते आणि ते त्यालाच पळवत होते. माझं नवीन म्हणजे हरितगृह. बांबूचा सांगाडा, हिरवी जाळी, वर प्लास्टिक. आत टोमॅटो, पालक, मेथी. एका कडेला बारा कोंबड्या, दुसऱ्या कडेला दोन शेळ्या. तण शेळ्यांनी खायचं, किडी कोंबड्यांनी, आणि सगळ्यांचं खत वाफ्यांना. बाहेरून काहीही आणायचं नाही. वहीत बाणांचं गोल चित्र काढून मी हे बाबांना समजावलं. त्यांनी वही उलटी-सुलटी धरून पाहिली. चित्र गोल असल्यामुळे फरक पडला नाही.

गावाने त्याला मांडव म्हटलं. येणारा-जाणारा लग्न कोणाचं म्हणून विचारी.

कोंबड्यांच्या अंगच्या उबेने हरितगृह रात्रभर गरम राहतं, असं पुस्तकात होतं. ते वाक्य मी दोनदा अधोरेखित केलं होतं. पुस्तक बर्फाच्या देशातलं आणि मी वऱ्हाडातला, हे मार्चमध्ये लक्षात आलं. कोंबड्या चोची वासून उभ्या राहू लागल्या आणि मी दिवसभर जाळीवर ओली पोती टाकत फिरू लागलो. किडींचंही तेच. आमच्या कोंबड्या आधी टोमॅटो खात, मग भूक उरलीच तर अळी. तरीही पालक निघत होता, अंडी मिळत होती, शेळ्या चक्क जाड झाल्या होत्या. अक्षय तृतीयेला आठ दिवस उरले तेव्हा मी बाबांना अभिमानाने सांगितलं की जनावरांसाठी बाहेरून एक दाणाही आणला नाही.

बाबा मांडवाच्या दारात उकिडवे बसले होते. त्यांनी सावकाश विचार केला.

"अन् तू?"

"मी काय?"

"तू दोन्ही टाइम घरी जेवून राहिला. तू बी यातलंच एक जनावर हायेस ना?"

मुद्दा शास्त्रीय होता. निकाल तिथेच लागला. उरलेले आठ दिवस मी मांडवातलंच खायचं, तरच रान माझं.

माय नेमाने मोझरीच्या आश्रमात प्रार्थनेला जाणारी. तिच्या चुलीवर अंडं चढत नसे, म्हणून मी मांडवाबाहेर तीन दगड मांडले. पहिल्याच दिवशी बाबांनी मीठ कुठून आलं म्हणून विचारलं. मीठ परत गेलं. सकाळी शेळीचं दूध, दुपारी पालक, संध्याकाळी अंडी आणि पुन्हा पालक. शेजारच्या वावरात भाजीपाला लावणारे चाचा रोज जेवणाच्या वेळेला बघायला येत. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या ताटाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, बकरी कम से कम जुगाली तो कर लेती है." रवंथाची सोय मला नव्हती.

पाचव्या दिवशी भर दुपारी माय फडक्यात भाकरी आणि ठेचा घेऊन आली. बाबा निंबाखाली पहाऱ्याला होतेच. भाकरी बाहेरची आहे, नेमात बसत नाही, असं त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं.

माय थांबली नाही. "या शेळ्या तणावर पोसल्या असं वाटते का तुमाले? रोज कडबा टाकून राहिली मी. कोंबड्यायले कण्या बी."

मी शेळ्यांकडे पाहिलं. त्यांनी दुसरीकडे पाहिलं. आठ महिने वहीत मी त्यांच्या वजनाचं श्रेय तणाला देत आलो होतो. आता बडनेऱ्याचं दुकान मला स्पष्ट दिसू लागलं.

"म्हणजे पोरगं हारलं," बाबा म्हणाले.

"हारलं कसं? कडबा आपला, कण्या आपल्या. घर बी मांडवातच धरा." मायने भाकरी माझ्या हातात दिली. "अन् घर धरलं तं तुमची साखर बाहेरची, तंबाखू बाहेरचा. उद्यापासून तुमी बी पालक खा."

बाबांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत ठेवली. मग त्यांनी वाफ्यातल्या पालकाकडे पाहिलं. पालक भरपूर होता.

तोवर माझ्या दोन भाकरी संपल्या होत्या. तिसरीतला अर्धा तुकडा एका कोंबडीने नेला.

"रान तुयं," बाबा उठत म्हणाले. "पण कण्या आता तू टाकत जा. तुयी माय थकली."