वाऱ्याला पाठ देणारी गुरं

वर्लिन हॉगस्टॅड चालायच्या आधी खोगिरावर बसला, असं त्याची आई सांगायची. थोडं वाढवून सांगायची, पण फार नाही. अमेरिकेत पूर्व मोन्टानातल्या त्यांच्या रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या कुरणावर, पोरांना लवकर कामाला जुंपत. अडलेल्या गाईच्या पोटात लहान हात सहज जातो, म्हणून आठव्या वर्षीच वासरू ओढून काढायचं काम त्याच्याकडे आलं होतं.

चौदाव्या वर्षी शेजारच्या टफ्टने त्याला आपल्या दोन माणसांच्या विमानात बसवलं. दिवसभर घोडा दामटून हुडकावी लागणारी गुरं वरून एका नजरेत दिसली, आणि पोरगा कामातून गेला.

हवाई दलात निवड झाल्याचं त्याने सांगितलं, तेव्हा त्याचे वडील ऑर्विल कुंपणाची तार ठोकत होते. तोंडातले खिळे काढून ते म्हणाले, "आभाळात गवत उगवतं का रे?"

"नाही, बाबा."

"मग तिथं काय चरणार तू?"

तार ताणून उभी असलेली धाकटी बहीण आर्डिस म्हणाली, "जाऊ द्या त्याला. मी आहे ना! नाहीतरी ह्याला तारेची गाठ धड मारता येत नाही."

तो गेला, आणि मालवाहू विमानांचा होऊन राहिला. व्हिएतनाममध्ये तांदूळ नेला, तोफगोळे नेले, जखमी परत आणले. एकदा डोंगरातल्या ठाण्यासाठी जिवंत डुकरं भरली होती, ती हवेतच पिंजरा मोडून सुटली. मागची माणसं ओरडत बाकांवर चढली. वर्लिनने विमान सहवैमानिकाच्या हाती दिलं, मागे जाऊन डुकरं एका कोपऱ्यात कोंडली आणि परत येऊन जागेवर बसला. "कठीण होतं का?" सहवैमानिकाने विचारलं. "घरची डुकरं जास्त वांड असतात," वर्लिन म्हणाला.

मग एका जानेवारीत मोन्टानावर चार दिवस हिमवादळ घोंगावलं. रस्ते बुजले, गुरं उपाशी अडकली. विमानातून गवताचे गठ्ठे टाकायचं ठरलं. वर्लिनच्या तळावरच्या कर्नलने नकाशावर प्रत्येक रँचच्या घरावर खूण केली होती.

"सर, घराजवळ एकही गाय नसेल," आता मेजर झालेला वर्लिन म्हणाला.

"मग कुठं असतील?"

"वादळात गाय वाऱ्याला पाठ देते आणि चालत सुटते. कुंपण आडवं येईपर्यंत थांबत नाही. वारा वायव्येचा होता. प्रत्येक कुरणाचा आग्नेय कोपरा बघा."

"खात्री आहे?"

"चूक ठरलो तर उद्यापासून मला स्वयंपाकघरात पाठवा."

पहिल्याच फेरीत तीन कळप सापडले, तिन्ही आग्नेय कोपऱ्यात. कर्नलने नकाशावरच्या सगळ्या खुणा खोडल्या.

तिसऱ्या दिवशी वाटेत वर्लिनच्या घरची रँच आली. कोपऱ्यात गुरं खेटून उभी होती, आणि त्यांच्याकडे घोड्यावरून बर्फ तुडवत एक म्हातारा निघाला होता. त्याने वर पाहिलंही नाही. वर्लिनने विमान आणखी खाली घेतलं. गठ्ठे सुटले.

टेलिफोनच्या तारा जोडल्या गेल्यावर ऑर्विलचा फोन आला.

"विमान कोण चालवत होतं?"

"मीच."

"फार खाली आला होतास."

"हो, बाबा."

"दोन गठ्ठे कुंपणावर पडले. चार खांब मोडले. एक गाय गेली. बाकी सगळी वाचली. टफ्ट विचारत होता, जागा कशी कळली म्हणून. म्हटलं, माझा पोरगा आहे, त्याला कळणारच."

पुढे पदकं मिळाली, पण ती कुठल्या पेटीत आहेत हे वर्लिनला कधी सांगता आलं नाही. हे बोलणं मात्र त्याला शब्दन् शब्द पाठ होतं.

सव्वीस वर्षांची नोकरी करून, कर्नल म्हणून निवृत्त होऊन तो परत आला. ऑर्विल तोवर गेले होते आणि रँच आर्डिसची होती. "कर्नलसाहेब," तिने दारातच सांगितलं, "बॅग ठेवा आणि पाण्याच्या टाकीवरचं बर्फ फोडा." त्याने निमूटपणे कुऱ्हाड उचलली.

उन्हाळ्यात त्याने एक जुनं छोटं विमान घेतलं. आर्डिस कधी विमानात बसली नव्हती. तिला त्याने नदीवरून, टेकड्यांवरून फिरवलं. ती खिडकीला नाक लावून खाली बघत होती. मग एकदम त्याच्या खांद्यावर थाप मारून ओरडली, "तो टफ्टचा वळू आपल्या कालवडींत काय करतोय? उतर खाली, आधी उतर!"

तो हसत हसत उतरला. तो वळू हाकलण्यात दोघांची सबंध दुपार गेली.