म्हस्कूतात्यांनी पारखलेलं विमान

जनावराच्या पारखीत कऱ्हाटीच्या म्हस्कूतात्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. मेंढरं विकून शेती धरली, तरी बैल घ्यायचा म्हटलं की लोक अजून तात्यांनाच पुढं घालत. बारामतीत पाइपांचा कारखाना असलेले मोहनराव तर त्यांच्याशिवाय शेळीसुद्धा घेत नसत. म्हणून अठ्ठ्याण्णव साली मोहनरावांच्या डोक्यात जुनं विमान घ्यायचं खूळ शिरलं, तेव्हा तिथल्या धावपट्टीवर त्यांच्या इंजिनिअरांच्या घोळक्यात पटकेवाले तात्याही उभे होते. आता बोला!

"सौदा झाला की पहिली फेरी तुमची," मोहनरावांनी कबूल केलं होतं. तेव्हापासून आठ दिवस तात्यांना घास गोड लागत नव्हता. आपला मळा, कऱ्हा नदी, जिथं जिथं मेंढरं चारली ती सगळी रानं एकदा वरनं बघायची!

"पडला-बिडला म्हंजी?" त्यांच्या बायकोनं, भागूबाईनं विचारलं.

"पडलो तर आपल्याच रानात पडतो की," तात्या म्हणाले.

दुपारी दलाल आणि त्याचा पायलट विमान घेऊन मुंबईहून आले. आठ माणसांचं, पांढरंशुभ्र. तात्या हरखूनच गेले. भोवती दोन फेऱ्या मारल्या, चाकं दाबली, पोटाखाली वाकले, इंजिनाजवळ हात नेला.

"गरम हाय की."

"आत्ताच उडून आलंय ना," दलाल हसला. "मशीन एकदम फिट. साहेब, एक चक्कर मारा आणि विसार द्या. संध्याकाळी मला परत जायचंय, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय."

तात्यांच्या मनात पाल चुकचुकली. लंगडा बैल विकणारा त्याला पहाटेपासून चालवत बाजारात आणतो. अंग गरम असेतोवर लंगडणं दिसत नाही. म्हणून तात्यांची रीतच होती, जनावर एक रात्र आपल्या दावणीला बांधायचं आणि सकाळी बसलेलं उठवून बघायचं. पण हे बोलावं तर दलाल निघून जायचा, फेरी बुडायची. गप्प बसलं तर तासाभरात आभाळात! कुणाला कळणार होतं?

तात्यांनी पटका काढला, परत बांधला. "मोहनराव, आजची रात हितंच ऱ्हाऊ द्या. सकाळी गार असताना उठवून बघू."

इंजिनिअर हसले. दलाल भडकला. "काका, हा बैल नाही!"

"म्हनूनच म्हनतोय. बैल रस्त्यात बसंल. ह्ये कुठं बसनार?"

मोहनराव हटून बसले. दलालाला मुक्काम करावाच लागला.

सकाळी उजवं इंजिन लगेच लागलं. डाव्यानं नुसती घुरघुर केली, पांढऱ्या धुराचा लोट सोडला आणि गप्प. तीनदा तेच. दलाल "गारठ्यानं होतं असं" म्हणत घाम पुसू लागला, तसं इंजिनिअरांनी त्याला धारेवर धरलं. सौदा मोडला. मोहनरावांनी तात्यांना मिठीच मारली, पण तात्यांच्या तोंडावर काही हसू येईना.

"आत नुस्तं बसू का?" त्यांनी पायलटला विचारलं.

खिडकीशी बसले. बाहेर धावपट्टी आणि कडेचं वाळलं गवत.

"वरनं मेंढरं दिसत्यात?"

"दिसतात, बारीक बारीक. मोजता नाही येत."

"अन् नदी?"

"नदी छान दिसते, बाबा."

खालून मोहनराव हाका मारत होते, "तात्या, चला! केवढं वाचवलंत आज!"

तात्या उठेनात. काचेवर हात ठेवून हळूच म्हणाले, "लई जावंसं वाटत हुतं रं."