जे टाइप झालं नाही

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात वर्गावर होते. कोर्टाचे निकाल संगणकाकडून कसे वाचून घ्यायचे ते मुलांना शिकवत होते. मामेभाऊ संघपाल दिवसा कधी फोन करत नाही, म्हणून बाहेर येऊन घेतला. सकाळी चहा झाला, पेपर घेऊन खुर्चीत बसले, आणि मामी दळण घेऊन आली तोवर मान कलली होती... एवढंच त्याला सांगता आलं. मी परत वर्गात गेले, फळ्यावरचं अर्धं वाक्य पुसलं आणि मुलांना जायला सांगितलं. उन्हाळ्याचे दिवस, थांबता येण्यासारखं नव्हतं. मी वाशिमला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात चार शब्द बोल, असं मामीनं सांगितलं होतं. मी उभी राहिले आणि मामांचं शुद्धलेखन किती चांगलं होतं एवढंच बोलून खाली बसले. बोलायचं होतं ते निराळंच होतं, पण तिथे ते तोंडातून निघालं नाही.

देवराव मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. मूळ रिठदचे. आजोबा दुसऱ्याच्या वावरात राबत. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती, की पोरगा सावलीत बसून काम करणार. मामा वाशिमला टायपिंगच्या क्लासला जाऊ लागले, मराठी लघुलेखनाच्या परीक्षा दिल्या आणि कोर्टात स्टेनो म्हणून लागले. वस्तीतले ते पहिले नोकरदार. पुढची तीसेक वर्षं त्यांनी जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या तालुक्यांच्या कोर्टांत काढली. न्यायाधीशसाहेब वर बसायचे आणि खाली, त्यांच्या डाव्या हाताला, मामांचं टेबल. साहेब सांगतील ते टिपायचं आणि टाइप करायचं. माझ्या शाळेतल्या निबंधातली वेलांटी चुकली की ते ओरडायचे नाहीत, फक्त वही माझ्याकडे परत सरकवायचे आणि मी चूक शोधेपर्यंत समोर बसून राहायचे. मराठी लिहिणं मी त्यांच्याकडून शिकले. आज ज्या कामावर मला पगार मिळतो त्याचा पायाही तोच.

काम म्हणजे असं. खालच्या कोर्टांचे निकाल आता इंटरनेटवर मिळतात. आम्ही ते ढिगानं गोळा करतो आणि संगणकाला वाचायला लावतो. कुठले शब्द कुठल्या खटल्यांत येतात, बाईनं केलेल्या तक्रारीबद्दल लिहिताना भाषा बदलते का, न्यायाधीश बदलला की निकालाची भाषा बदलते का, असे प्रश्न. माणूस शे-दोनशे निकाल वाचून थकतो, संगणक थकत नाही. मी पीएच.डी.साठी आपल्याच जिल्ह्यातली कोर्टं घेतली. (कुठल्या तालुक्याची, ते इथे लिहीत नाही.) पण सुरुवातीलाच अडले. जुने निकाल जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेले होते, आणि उघडले की पडद्यावर नुसती खिचडी दिसायची. मामा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. मी रविवारी फोनवर एकेक चिन्ह सांगायची आणि ते पलीकडे मांडीवर बोटं चालवून उत्तर द्यायचे. त्यांना अक्षर आठवायचं नाही, बोट आठवायचं. "डाव्या हाताची करंगळी... म्हणजे थे ष व्हय, पोटफोड्या," असं सांगायचे. दोन महिने आमचं हे चाललं. निवृत्तीनंतर तुझे मामा पहिल्यांदा हसून राह्यले, असं मामी तेव्हा म्हणाली होती.

मग ते वाक्य सापडलं. बारा-पंधरा शब्द दोन निकालांत जसेच्या तसे आले की संगणक खूण करतो. कायद्याची ठरीव वाक्यं तशी येतातच, त्यात विशेष काही नाही. पण हे वाक्य तसलं नव्हतं: "फिर्यादीवर खरोखरच अन्याय झाला असता, तर ती इतके दिवस गप्प राहिली नसती." नवऱ्यानं, सासरच्यांनी छळल्याच्या तक्रारी, तक्रार उशिरा दिलेली, आणि निकालाच्या शेवटाकडे हे वाक्य. त्याच्यापुढे आरोपींची सुटका. न्यायाधीश बदलले तरी वाक्य तेच राहिलं. आणखी चमत्कारिक म्हणजे काही वर्षांनी ते त्या कोर्टातून नाहीसं झालं आणि दुसऱ्या तालुक्यात उगवलं, मग तिसऱ्या. मी सालं कागदावर उतरवून काढली. पाहता पाहता लक्षात आलं की ही सालं माझ्या ओळखीची आहेत. सुट्टीत आम्ही मामांकडे कुठल्या गावी जायचो, तीच ती सालं.

मी लगेच फोन लावला आणि वाक्य वाचून दाखवलं. मामा मनापासून हसले. "थे तं माह्यंच व्हय," म्हणाले. एका साहेबांनी अर्धं इंग्रजीत असं काहीबाही सांगितलं होतं आणि म्हणाले होते, देवराव, याचं सोपं मराठी करा. मामांनी हे वाक्य केलं. साहेब खूश झाले. पुढे ते मामांच्या कॉम्प्युटरवर एका फाइलमध्ये राहिलं. बदली झाली की फाइल मामांबरोबर जायची. नंतरचे साहेब नुसतं म्हणायचे, उशिराबद्दल नेहमीचं घ्या. आपण लिहिलेलं इतक्या निकालांत गेलं याचा त्यांना फार अभिमान वाटला. तुझ्या पुस्तकात नाव टाकशील ना माह्यं, असं त्यांनी विचारलं. मी नियम सांगितला, नावं टाकता येत नाहीत, तुम्ही 'लघुलेखक क' व्हाल. त्यालाही ते हसले.

माझी चूक इथे झाली. मला शोध लागला होता. न्यायाधीशाची म्हणून जी भाषा आम्ही मोजतो, ती खालच्या टेबलावरच्या माणसाची असू शकते, हे मी आकड्यांत दाखवू शकत होते. मी हवेत होते. दिवाळीत वाशिमला मामांकडे गेले तेव्हा ते वाक्य आलेले सगळे निकाल छापून घेऊन गेले आणि मामांच्या टेबलावर ठेवले. हौसेनं ठेवले. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतले. मी चार दिवस होते, ते चारही दिवस वाचत होते. निघताना ते दारापर्यंत आले नाहीत.

पुढच्या रविवारी ते फोनवर जे बोलले ते मी विसरू शकत नाही. साक्षीदार कोर्टात आपल्या बोलीत बोलतो. साहेब ऐकतात आणि त्यातलं कामापुरतं सांगतात. स्टेनो तेवढंच टाइप करतो. नावं वाचता वाचता मामांना बाया दिसायला लागल्या होत्या. किन्हीराजाची सुनंदा म्हणून एक होती. सात महिन्यांनी तक्रार का दिली, असं वकिलानं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं होतं, की बाप म्हणाला लहानीचं लग्न होऊ दे, मंग पाहू. साहेबांनी मामांना सांगितलं ते इतकंच: तक्रार सात महिन्यांनी दिली हे खरं आहे.

"तिनं सांगतलं होतं, प्रज्ञा," मामा म्हणाले. "म्या ऐकलं. हातभर लांब बसलो होतो मी. म्या टाइप नाई केलं, अन् वरून थे वाक्य टाकलं."

तुम्ही तुमचं काम केलं मामा, निकाल साहेबांचा असतो, असं मी बरंच काही बोलले. ते ऐकून घेत राहिले. शेवटी त्यांनी मला एकच विचारलं. तुझा कॉम्प्युटर एवढं शोधून राह्यला, तर जे टाइपच झालं नाही ते त्याले सापडते का? नाही, मी म्हटलं. कागदावर असेल तेवढंच त्याला दिसतं. बरं, म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्या हिवाळ्यात त्यांना सुनंदाला भेटायचं होतं. मी पुण्याहून आले आणि आम्ही दोघं एसटीनं मालेगावला आणि तिथून किन्हीराजाला गेलो. सुनंदाताई माहेरीच भावाजवळ राहतात, अंगणवाडीत मदतनीस आहेत. पन्नाशीच्या असतील. अंगणवाडी सुटल्यावर घरी आल्या, आम्हाला बाजेवर बसवलं आणि चहा टाकला. मामांनी ओळख सांगितली. त्या निरखून पाहत म्हणाल्या, तुमी खालच्या टेबलावर बसत होते न, खाली मान घालून? मामांनी पिशवीतून निकाल काढला. सुनंदाताईंनी तो आजवर वाचलेलाच नव्हता. सुटले, एवढं वकिलानं सांगितलं होतं, तेवढंच त्यांना माहीत. मामांनी ते वाक्य वाचलं. आवाज कोर्टातल्यासारखा सपाट ठेवायचा प्रयत्न केला, पण शेवटचे दोन शब्द हलले. हे मी लिहिलेलं आहे, असं त्यांनी सांगितलं.

सुनंदाताईंनी त्या कागदाकडे पाहिलं. मग विचारलं, "मंग आता काय होते याचं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. अपिलाची मुदत कधीच गेली होती, नवरा तर जगातही नव्हता. काही होत नाही, ताई, मी म्हणाले.

"मंग मले सांगाले काहून आले तुमी?"

त्या रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना खरंच कळत नव्हतं. चहा उतू गेला म्हणून त्या उठल्या, उरलेल्यात दूध घालून आम्हाला दिला, स्वतः घेतला नाही. आम्ही निघालो तेव्हा मामांनी निकालाचा कागद त्यांच्यापुढे धरला. ठेवून कुठं ठेवू, असं म्हणून त्यांनी तो परत दिला. परतीच्या गाडीत मामा खिडकीशी बसले होते. मी पाण्याची बाटली पुढे केली ती त्यांनी हातात धरली आणि वाशिमपर्यंत तशीच धरून ठेवली.

त्यानंतर ते आपल्या नोकरीतल्या शेवटच्या कोर्टात गेले. तिथला नवा स्टेनो त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं उठून खुर्ची दिली, सर म्हणाला. ती फाइल अजून त्याच्या कॉम्प्युटरवर होती आणि वाक्य अजून निकालांत जात होतं. काढून टाक बापा, मामा म्हणाले. त्याला वाईट वाटलं असावं, पण तो तरी काय करणार? साहेबांनी नेहमीचं घ्या म्हटल्यावर मी काय घेऊ, सर, असं त्यानं विचारलं. मामांनी मग ते वाक्य वापरू नये असा रीतसर अर्ज लिहिला, एकाही चुकीशिवाय, आणि कोर्टाच्या आवक-जावकला दिला. पोच मिळाली. त्यापुढे काही मिळालं नाही. मामा दर आठवड्याला पोस्टमनला विचारायचे, हे मामीनं मला नंतर सांगितलं.

आणि मग त्यांनी एक रजिस्टर आणलं. छापलेल्या निकालांतली एकेक बाई घ्यायची, तिचं नाव, गाव, आणि खाली, ती उशिराचं कारण काय म्हणाली होती ते आठवून लिहायचं. पोटात लेकरू होतं. सासरा गावचा मोठा माणूस. ठाण्यात गेली तर दोनदा परत पाठवली. असं. आठ-दहा पानं झाल्यावर त्यांनी ती मला पाठवली आणि विचारलं, तुझ्या पुस्तकात हे बसते का? मी माझ्या गाईडना दाखवलं. त्या भल्या बाई आहेत, त्यांनी सगळी पानं वाचली. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं: एका माणसानं इतक्या वर्षांनी आठवून लिहिलेलं, पडताळायला दुसरा कागद नाही, याला पुरावा म्हणता येणार नाही. त्यांच्या जागी मी असते तर तेच म्हणाले असते. मामांना मी सांगितलं, पाहू. ते तीसेक वर्षं कोर्टात होते. 'पाहू'चा अर्थ त्यांना कळायला वेळ लागला नसणार. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी प्रबंध दिला, तो मान्यही झाला. 'लघुलेखक क' त्यात एका अख्ख्या प्रकरणात आहे.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर मामीनं मला पुढच्या खोलीत नेलं. टेबलाला तिनं हात लावलेला नाही. रोज सकाळी नऊला बसायचे, कोर्टात असल्यासारखे, दुपारी उठायचे, ती म्हणाली. मले वाटलं तुह्यंच काम करून राह्यले. म्हणजे मी पाहू म्हटल्यावरही ते लिहीतच होते. रजिस्टर अर्ध्याहून जास्त भरलं होतं. मी उभ्यानंच पानं उलटली. अक्षर पहिल्या पानावर होतं तसंच शेवटपर्यंत, टपोरं, एकही खाडाखोड नाही. मागच्या पानांवर मात्र मजकूर कमी कमी होत गेला होता. शेवटच्या पानावर एका बाईचं नाव होतं, गाव होतं, आणि खाली लिहिलं होतं:

"ही रडली नाही. साहेबांकडे पाहून बराच वेळ बोलली. काय बोलली ते आठवत नाही."