मोजलेला शून्य
परवा बजाजनगरातून जाताना एका वर्कशॉपमधून मशीनवरच्या कुलंटचा वास आला आणि फ्लॅशच्या ॲक्शनस्क्रिप्ट भाषेत एका कारखान्यासाठी लिहिलेला माझा पहिला प्रोग्राम आठवला. तिथं धातूच्या पिना तपासणाऱ्या बाईंनी एका पिनेच्या जाडीची तीन मापं टाकायची आणि पडद्यावर सरासरी दिसायची, एवढंच त्याचं काम. दशांशांचं शेपूट नको म्हणून मी सरासरीला शंभरनं गुणून, राउंड करून, परत शंभरनं भागलं होतं आणि स्वतःवर खूश होतो. दुपारी गिऱ्हाईक माल बघायला येणार होतं. बाईंनी मापं टाकली, पडद्यावर १२.५ उमटलं. "सर, माझा शून्य कुठं गेला?" "किंमत तीच राहते, बाई." त्यांनी जाडी मोजायचा मायक्रोमीटर आणि ती पिन माझ्या हातात दिली. एकाच जागी तीनदा मोजून मला तीन वेगळी मापं आली. त्यांना तिन्ही वेळा १२.५०. "नुसतं पाच दिसलं तर गिऱ्हाईक म्हणंल, पुढचं बघितलंच नाय. मी बघितलंय सर. तिथं शून्यच हाय." मी परत कॉम्प्युटरपुढे बसलो, एका ओळीत दशांशाची दोन घरं कायम दाखवणारं टू-फिक्स्ड टाकलं आणि दोन्ही घरं भरून आकडा आला. बाईंनी तेलकट हातानं पुढची पिन उचलली. फ्लॅश केव्हाच बंद झालं. पण शेवटचा शून्य काढण्याआधी मी अजून विचारतो, हा कुणी मोजलाय का?