चेहऱ्यांचे प्राध्यापक

माणसाच्या चेहऱ्याचा आमच्या साडूभाऊंइतका अभ्यास केलेला माणूस उभ्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि समोरचा माणूस न ओळखण्यात त्यांचा हात धरणाराही कुणी नसेल. नगरच्या एका कॉलेजात ते मानसशास्त्र शिकवत. समोरच्याचा नुसता चेहरा बघून त्याच्याशी मिळून काम करायचं की नाही हे आपण कसं ठरवतो, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. आणि कुणाचाच चेहरा लक्षात न राहणं हा त्यांचा जन्मजात दोष. माणसं ते चालीवरून, आवाजावरून, फार तर चपलांवरून ओळखत. एकदा मी मिशी काढून जामखेडहून त्यांच्याकडे गेलो. स्टँडवर मला घ्यायला आलेले साडूभाऊ माझ्याच शेजारी येऊन उभे राहिले. गंमत म्हणून मी गप्प होतो. बऱ्याच वेळानं मलाच म्हणाले, "जामखेडची गाडी आली का हो? आमचे गुरुजी यायचेत." मी "आलो की" म्हटल्यावर आवाज ओळखून त्यांनी मिठी मारली आणि मिशी काढण्याआधी कळवलं का नाही म्हणून वर रागावले. लग्नकार्यात त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, अखंड मोठ्यानं बोलत असते. पाहुण्यांना तो तिचा स्वभाव वाटतो. खरं तर गर्दीत नवऱ्याला आपण सापडावं म्हणून तिनं केलेली ती सोय आहे.

संशोधनासाठी ते अनोळखी माणसांच्या फोटोंचा गठ्ठा घेऊन गावोगाव हिंडत आणि यातल्या कुणावर भरवसा ठेवाल, असं विचारत. खर्ड्याच्या बाजूला एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तो गठ्ठा शांतपणे परत केला. "आमी फोटू बघून बैल बी घेत न्हाई," तो म्हणाला, "मान्साचं कसं सांगावं?" साडूभाऊंनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या आणि फोटो पिशवीत टाकले ते कायमचे. पुढच्या खेपेला ते चिंचोके घेऊन आले.

एका रविवारी आमच्या शाळेच्या ओसरीवर खेळ मांडला. जमलेल्या बाया दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या. त्या साली मात्र गावातच राहून मिळून डाळी करून विकायचं त्यांनी ठरवलं होतं. कौसाबाईलाही त्या गटात यायचं होतं. ऊसतोडीच्या कोपीला, म्हणजे पाचटाच्या झोपडीला, लागलेल्या आगीत तिच्या चेहऱ्याची एक बाजू भाजली होती. बाया तिच्याशी वाईट वागत नसत, पण "गिऱ्हाईक दचकंल" म्हणून तिला टाळत होत्या. खेळ सोपा होता. दोघींनी समोरासमोर बसायचं, बोलायचं नाही, आणि आपल्या दहा चिंचोक्यांतले हवे तेवढे मूठ झाकून मडक्यात टाकायचे. साडूभाऊ ते दीडपट करून दोघींना सारखे वाटणार. दोघींनी भरवसा ठेवला तर दोघींचा फायदा, एकीनंच ठेवला तर तिचा तोटा. कौसाबाईसमोर बसलेल्या एकीनंही दोनाच्या वर चिंचोके टाकले नाहीत. साडूभाऊंनी आकडे लिहिता लिहिता वही मिटली आणि संशोधकानं कधी करू नये ते केलं. स्वतःच तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि दहाही चिंचोके टाकून मोकळे झाले.

कौसाबाईनं मडक्यात डोकावून पाहिलं. "सायेब, माझं तोंड बघून सगळं टाकलं व्हय?"

"बाई, मला कुणाचंच तोंड लक्षात राहत नाही. मघाशी तुम्ही नाव सांगितलंत, तो आवाज सरळ वाटला."

मग त्यांनी मध्ये सतरंजी टांगली आणि बोलायची मुभा दिली. पलीकडून कौसाबाई म्हणाली, "मी धाच्या धा टाकते. तुमी तुमच्या मनाचं करा." तिनं टाकलेही. अलीकडे बसलेली गटाची पुढारीण सखूबाई बराच वेळ चिंचोके हातात खेळवत राहिली, आणि मग तिनंही मूठ रिकामी केली. चार दिवसांनी ती कौसाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

"डाळ निवडाया कवा येतीस?"

"तुमचं गिऱ्हाईक दचकंल की."

"दचकंल, आन् मग भाव इचारंल."

तसंच झालं. त्या वर्षी कौसाबाई ऊसतोडीला गेली नाही. आता जामखेडच्या बाजारात गटाच्या पोत्यांपाशी तीच बसते. संशोधनपत्रिकेला पाठवलेला साडूभाऊंचा लेख मात्र परत आला. नियम मध्येच बदलले, वर स्वतःच खेळात उतरले, ही तपासणाऱ्यांची तक्रार. ती खरी आहे असं म्हणून त्यांनी सगळं काम पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.

गेल्या उन्हाळ्यात निवृत्त होऊन ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले. सामानाच्या टेम्पोपाशी उभे असताना त्यांनी एकदम विचारलं, "गुरुजी, त्या कौसाबाई दिसतात तरी कशा हो?" इतक्या वर्षांत कुणाबद्दल त्यांनी हे विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबलो. दर बाजाराला मी तिच्याकडून डाळ घेतो, घरची खुशाली विचारतो. पण भाजलेली बाजू डावी की उजवी, ते काही केल्या आठवेना.

"हसते छान," एवढंच मी म्हणालो.